पुट हातात, बाजार बंद

भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पुट ऑप्शन समजावून सांगायला दलाल स्ट्रीटपर्यंत जावे लागत नाही. 2025-26च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. समजा, व्यापारी 1,900च देतो म्हणाला, तर आधारभूत खरेदी केंद्रावर 2,369 मिळावेत. तो 2,500 देत असेल, तर केंद्रावर जायची सक्ती नाही. विकण्याचा हक्क आहे, बंधन नाही. पुट ऑप्शन म्हणजे हेच. फक्त शेअर बाजारात या हक्कासाठी आधी पैसे मोजावे लागतात. त्याला प्रीमियम म्हणतात.

आता या हक्काची दुसरी बाजू. केंद्रावर बारदाना नाही, गोदाम भरले आहे किंवा ऑनलाइन नोंदणीची मुदत उलटून गेली, तर काय? तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत हा प्रश्न कुणाला नवा नाही. हमीभाव जाहीर झालेला असतो, पण ज्याला मळणीचे, मजुरीचे, उधारीचे पैसे आजच द्यायचे आहेत, तो धान पडेल भावाने घालून मोकळा होतो. किंमत ठरलेली होती. ती घ्यायला जागा उघडी नव्हती. शेअरचा व्यवहार अचानक थांबतो, तेव्हा पुट धरून बसलेल्याची हीच गत होते.

धानाच्या बाबतीत ही गोष्ट वायदेबाजारातही घडली आहे. 20 डिसेंबर 2021 रोजी बाजार नियामक सेबीने बिगर-बासमती धान, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चे पामतेल आणि मूग यांचे वायदे व्यवहार थांबवले. आदेश एका वर्षाचा होता, पण मुदतवाढ मिळत मिळत तो 31 मार्च 2026पर्यंत नेण्यात आला. ज्यांचे सौदे उभे होते, त्यांना ते फक्त कापण्याची मुभा होती. नवा सौदा करायचा नाही. वरवर पाहता हे सोयीचे वाटते. पण ज्या बाजारात प्रत्येकाला बाहेरच पडायचे आहे आणि नव्याने आत येणारा कुणी नाही, तिथे चांगला भाव कोण देणार? बंदीचा पहिला फटका बसतो तो इथे.

थांबण्याचे प्रकार

बाजार ‘थांबला’ म्हणजे प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडत नाही. पहिला प्रकार सर्किटचा. निर्देशांक 10, 15 किंवा 20 टक्के हलला की सगळा बाजार काही काळ, कधी उरलेला दिवसभर, बंद होतो. 13 मार्च 2020ला सकाळी, कोरोनाच्या धास्तीने, निफ्टी 10 टक्के कोसळला आणि व्यवहार 45 मिनिटे थांबले. पुट घेतलेल्यांना त्या क्षणी पडद्यावर घसघशीत नफा दिसत होता. बाजार पुन्हा उघडला आणि उसळला. त्या दिवशी निफ्टी आदल्या दिवसापेक्षा 365 अंकांनी वर, 9,955वर बंद झाला. सकाळचा तो नफा ज्यांना वेळेत खिशात घालता आला नाही, त्यांच्या हाती संध्याकाळी काय उरले असेल, याचा अंदाज करता येईल.

दुसरा प्रकार यंत्रणा कोलमडण्याचा. 24 फेब्रुवारी 2021ला तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी 11.40ला बंद पडला आणि दुपारी 3.45ला पुन्हा सुरू झाला. त्या वेळात मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, चालू होता. शेअरचा भाव एका बाजारात हलतो आहे आणि त्यावरचा आपला ऑप्शन दुसऱ्या, बंद बाजारात अडकला आहे, अशी ही कोंडी. शिवाय दुसऱ्याच दिवशी मासिक एक्स्पायरी, म्हणजे सौद्यांची मुदत संपण्याचा दिवस, होती. ऑप्शनचे मोल दर तासाला झिजत असते आणि बाजार बंद आहे म्हणून एक्स्पायरीची तारीख पुढे सरकत नाही. सेन्सेक्स त्या दिवशी हजारावर अंकांनी चढून बंद झाला. पुटवाल्यांसाठी तो वाईट दिवस ठरला.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण: एकाच कंपनीचा शेअर थांबणे. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचा शेअर 9 मार्च 2023 रोजी एका दिवसात 60 टक्के पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे व्यवहार थांबले आणि त्याच दिवशी बँक सरकारी ताब्यात गेली. 17 मार्चला मुदत संपणारे पुट ज्यांच्याकडे होते, त्यांचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला होता. पण पुट विकायला बाजार नव्हता. हक्क बजावायचा तर द्यायला शेअर हवेत, आणि शेअर विकत घ्यायलाही बाजार नव्हता. मग दलालाच्या परवानगीने, उधारीच्या शेअरवर, भाडे भरत हा व्यवहार पुरा करायचा. त्यातही प्रत्येक दलालाचे नियम निराळे. शेअरचे व्यवहार मुख्य बाजाराबाहेर पुन्हा सुरू झाले ते 28 मार्चला, म्हणजे मुदत टळून गेल्यावर.

आपल्याकडचा पेच

भारतात हा पेच आणखी घट्ट आहे, तो दोन नियमांमुळे. पहिला असा की 2011पासून आपल्याकडचे शेअर ऑप्शन ‘युरोपियन’ पद्धतीचे आहेत. अमेरिकेत पुटचा हक्क मुदतीआधी कधीही बजावता येतो. आपल्याकडे तो फक्त एक्स्पायरीच्या दिवशी. मधल्या काळात सुटका हवी असेल, तर पुट दुसऱ्या कुणाला तरी विकणे एवढाच मार्ग आहे. शेअर थांबला की त्यावरचे फ्युचर-ऑप्शनही थांबतात, आणि तो मार्ग बंद होतो.

दुसरा नियम प्रत्यक्ष डिलिव्हरीचा. पूर्वी शेअर ऑप्शनचा हिशेब पैशांत मिटायचा. सेबीने 2018मध्ये हे बदलायचे ठरवले आणि ऑक्टोबर 2019पासून सगळ्या शेअर डेरिव्हेटिव्हची, म्हणजे शेअरवरच्या फ्युचर-ऑप्शनची, पूर्तता शेअर देऊन-घेऊन होऊ लागली. उदाहरण घ्या. एका शेअरचा भाव 200 रुपये आहे. तुम्ही 190च्या स्ट्राइकचा, म्हणजे 190ला विकण्याच्या हक्काचा, पुट शेअरमागे 6 रुपये प्रीमियमने घेतला. लॉट, म्हणजे एका सौद्यातला गठ्ठा, 1,000 शेअरचा. खर्च 6,000. शेअर 120वर आला, तर हिशेबात 64,000 रुपये नफा. पण एक्स्पायरीपर्यंत पुट विकला नाही, तर तुम्हाला 1,000 शेअर द्यावे लागतात. डिमॅटमध्ये ते नसतील, तर बाजारातून आधी घ्यायचे. बाजारच बंद असेल, तर घ्यायचे कुठून? शेअर देता आले नाहीत, तर एक्स्चेंज लिलाव करते किंवा चढा भाव लावून हिशेब मिटवते, आणि तो बोजा तुमच्या माथी येतो. ‘पुट घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरताच’ हे पाठ झालेले वाक्य इथे लंगडे पडते.

डिमॅटमध्ये शेअर आहेत म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या येस बँकेवर 5 मार्च 2020च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. खातेदाराला 50,000 रुपयांपर्यंतच काढता येणार होते. आठवडाभरात, 13 मार्चला, पुनर्रचना योजना जाहीर झाली. तिच्यातली एक अट अशी की शंभराहून जास्त शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षे गोठवले जातील. ज्याने शेअर बाळगले आणि संरक्षण म्हणून त्यावर पुट घेतला, त्याने पुस्तकात सांगितलेले सगळे केले होते. पण ज्या शेअरची डिलिव्हरी द्यायची, त्यातले तीन चतुर्थांश कुलुपात गेले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. समोरचा पुट विकणारा पळून जाईल, ही भीती एक्स्चेंजवर नाही. मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते आणि सौद्याची हमी तिची असते. पैसे बुडण्याचा धोका तिने सांभाळलेला असतो. अडकून पडण्याचा, मुदत संपण्याचा आणि शेअर न मिळण्याचा धोका आपला आपल्यालाच सांभाळावा लागतो.

काय सांभाळावे

गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉयलच्या मँगनीज खाणी आहेत, वरठीला सनफ्लॅग आहे. शेअर बाजारातल्या कंपन्या भंडाऱ्याला परक्या नाहीत, आणि मोबाइलवर ऑप्शन घेणारी तरुण मंडळी आता साकोली-लाखनीतही आहेत. सेबीच्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन खेळणाऱ्या दर 100 वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 जण तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. हे सारे बाजार सुरळीत चालू असतानाचे आकडे आहेत.

तरीही पुट घ्यायचाच असेल, तर काही पथ्ये पाळा. कंपनीवर संकटाची चाहूल लागली असेल, तर एक्स्पायरीला चिकटलेला स्वस्त पुट घेऊ नका. हातात मुदत राहील असा घ्या. नफा दिसू लागला की निदान अर्धा सौदा कापा. डिमॅटमध्ये शेअर नसतील, तर एक्स्पायरीच्या आठवड्यात पुट धरून बसू नका. शेवटच्या चार दिवसांत डिलिव्हरीचे मार्जिन, म्हणजे आगाऊ ठेवायची रक्कमही वाढत जाते. शेअर थांबला तर काय करता, डिलिव्हरी कशी हाताळता, हे दलालाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि घराचा किंवा पेरणीचा पैसा ऑप्शनमध्ये घालू नका. बाजार पडेल हा अंदाज बरोबर ठरला तरी, तो पैसा लागेल त्या दिवशी बाजार उघडा असेल, याची हमी कोणत्याही पुटमध्ये मिळत नाही.