बॉकसाठी टाकी राखणारं बंगळूर

इंदिरानगरातल्या माझ्या नेहमीच्या ब्रूपबच्या पाटीवरून गेल्या महिन्यात बॉक ही जर्मन बिअर पुसली गेली. त्या टाकीत आता आंब्याची गोड बिअर असते. ती लवकर तयार होते, लवकर संपते. बॉकला मात्र आंबवणं झाल्यावर शून्याजवळच्या थंडीत कित्येक आठवडे मुरावं लागतं, आणि तेवढा काळ टाकी अडते. हिशेब मला कळतो. पटत नाही.

बंगळूरच्या बिअरचा विषय निघाला की चर्च स्ट्रीट, ब्रिगेड रोडवरच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या पबांच्या आठवणींनी लोक हळवे होतात. तिथलं संगीत उत्तम होतं. पिचरमधली फिकी लागर सगळीकडे सारखीच.

बिअरचं खरं शहर घडलं ते 2010 नंतर. त्या वर्षी टॉइट हे ब्रूपब आलं. मग दोनेक वर्षांत बिअर क्लब, आर्बर, व्हाइटफील्डचं विंडमिल्स. काचेपलीकडे तांब्या-पोलादाच्या टाक्या दिसायच्या, ब्रूअर टेबलापाशी येऊन माल्टबद्दल बोलायचे. जर्मनीतल्या आइनबेक गावची जोमदार बिअर सतराव्या शतकात म्युनिकच्या ब्रूअरांनी आपलीशी केली आणि तिथे तिला बॉक हे नाव रुळलं, हे मी अशाच गप्पांत ऐकलं. उपवासाच्या दिवसांत पाउलानर मठातले साधू हिचाच आणखी दाट प्रकार, डॉपेलबॉक, पीत, हेही.

त्या दशकात हंगामी पाटीवर बॉक लागली की आम्ही दोघं-तिघं मुद्दाम जायचो. तांबूस तपकिरी रंग, भाजलेल्या पावाच्या कडेचा वास, गोडवा असूनही चिकटपणा नाही, हॉप्सचा कडवटपणा तोल सांभाळण्यापुरता, शेवटी घशात मंद ऊब. ही चव बर्फगार ग्लासात मरते. आठ-दहा अंशांवर द्या म्हटलं की काही वेटर गोंधळायचे, पण द्यायचे.

तरी शेजारच्या टेबलावरून प्रश्न यायचाच, ‘किती चढते?’ या प्रश्नाचा मला आजही राग येतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत पाच टक्क्यांवरची, आठपर्यंतची बिअर ‘स्ट्राँग’. साडेसहा टक्क्यांची बॉक आणि साखर-मका घालून वाढवलेली बाटली एकाच खान्यात! बॉकचा जोर येतो भरपूर माल्टमधून, आणि ग्लास हळूहळू संपवावा असा तो असतो. नशेच्या घाईसाठी तिची गरजच नाही.

2017 मध्ये महामार्गालगतच्या मद्यविक्रीवर बंदी आली, 2020 मध्ये टाळेबंदी. दोन्ही वेळा अनेक जागा बंद पडल्या. उघडल्या तेव्हा भाडं वाढलेलं, धीर आटलेला. पण सगळा दोष भाड्याला देता येणार नाही. मागणारे आपणच कमी झालो.

डिसेंबर-जानेवारीत बंगळूरला रात्री गारवा असतो, बॉकचे दिवस तेच. तेव्हा जिथे जाल तिथे ब्रूअरला गाठा आणि बॉक मागा. नसेल तर पुढच्या हिवाळ्यासाठी आत्ताच सांगून ठेवा.