सहा आमदार असले म्हणजे खासदारकी पक्की?

“सहाच्या सहा आमदार आपले, मग खासदार दुसऱ्याचा होईलच कसा?” निवडणुकीचे पडघम वाजू लागले की हा हिशेब पारावर आणि पक्षकार्यालयांत हमखास मांडला जातो. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात, त्यामुळे बेरीज सोपी वाटते. नांदेडने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खोटी ठरवली. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे तिथे लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि तिचं मतदान विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला झालं. मतदार तेच, केंद्र तेच, फक्त मतं दोन. विधानसभेच्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. लोकसभेला मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले.

लाट, पैसा, जात, यातलं कोणतंही कारण पुढे केलं तरी ते त्या दिवशी दोन्ही मतांना लागू होतं. तरीही निकाल वेगळे लागले, कारण आमदार कोण आणि खासदार कोण हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, असं पुरेशा मतदारांना वाटलं. मतदार डोळे झाकून बटण दाबतो, असं सरसकट बोललं जातं तेव्हा मला राग येतो तो यामुळेच.

उलट दिशेनेही हेच घडतं. २०२४ च्या लोकसभेला बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळे यांना अजित पवारांच्या पक्षाच्या उमेदवारावर सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली आणि अजित पवारांचं राजकारण आटोपलं, असा निष्कर्ष अनेकांनी जूनमध्येच काढून टाकला. नोव्हेंबरमध्ये त्याच बारामतीने त्यांना लाखावर मताधिक्याने विधानसभेत पाठवलं. राज्याचं चित्रही तसंच पालटलं. लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, पण दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागांकडेच पाहणाऱ्यांना विधानसभेतलं महायुतीचं प्रचंड बहुमत धक्कादायक वाटलं. मतांची टक्केवारी आधी पाहिली असती तर निदान लढत अटीतटीची आहे, एवढं तरी जूनमध्येच कळलं असतं.

“जास्त विधानसभा क्षेत्रांत आघाडी, तोच विजयी” हा याचाच जुळा समज. २०२४ मध्ये धुळ्यात भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच क्षेत्रांत पुढे होते. सहाव्या, मालेगाव मध्यमध्ये, काँग्रेसला सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली आणि शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी खासदार झाल्या. मोजायची असतात ती मतं, क्षेत्रं नव्हेत. कुठे किती मतं पडली हे गुपितही नसतं. केंद्रनिहाय आकडे असलेला फॉर्म २० राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. आपल्या गावातल्या नेत्याची ताकद जोखायची असेल, तर गेल्या दोन-तीन निवडणुकांत त्याच्या स्वतःच्या केंद्रावर त्याच्या पक्षाला किती मतं पडली, तिथून सुरुवात करावी.

गर्दीबद्दल थोडक्यात. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी एकही उमेदवार उभा न करता भाजपविरोधात सभा घेतल्या, आणि त्या तुडुंब भरल्या. भाजप-शिवसेना युतीने ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. मतदान वाढलं की सरकार पडतं, हाही असाच एक ठोकताळा. २०१९ च्या विधानसभेला ६१ टक्क्यांच्या आसपास असलेलं मतदान २०२४ मध्ये ६६ टक्क्यांवर गेलं, आणि सत्ताधारी आधीपेक्षा मोठ्या बहुमताने परतले.

बालेकिल्ल्याचं काय? बाळासाहेब थोरात १९८५ पासून संगमनेरमधून सलग आठ वेळा निवडून आले होते. सहकारी साखर कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था असं भक्कम जाळं त्यांच्या पाठीशी होतं. २०२४ मध्ये पहिल्यांदाच आमदारकी लढवणाऱ्या अमोल खताळ यांनी त्यांना हरवलं. संस्थांमुळे माणसं जोडलेली राहतात हे खरं, पण कारखान्याचा सभासद मतदान केंद्रात एकटाच असतो.

अपक्षांना हिशेबात धरायचं कारण नाही, असं मानणाऱ्यांनी २०२४ च्या लोकसभेतलं सातारा आठवावं. शशिकांत शिंदे यांचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’; एका अपक्षाला मिळालेलं चिन्हही तुतारीसारखंच होतं. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली आणि शिंदे सुमारे ३३ हजारांनी हरले. ती सगळी मतं चुकूनच पडली, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण उमेदवारांची अंतिम यादी आणि चिन्हवाटप होण्याआधी वर्तवलेले अंदाज किती कच्चे असतात, हे यावरून दिसतं.

सगळ्यात दुर्लक्षित समज म्हणजे आज आहे तोच मतदारसंघ उद्याही असेल, हा. २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर लोकसभा मतदारसंघच नाहीसा झाला. तिथले खासदार रामदास आठवले २००९ मध्ये, नव्याने अनुसूचित जातींसाठी राखीव झालेल्या शिर्डीत उभे राहिले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे यांच्याकडून पराभूत झाले. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, आणि ते आरक्षण मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलं. ते प्रत्यक्षात येईल तेव्हा अनेक मातब्बर आमदार-खासदारांना उभं राहायला त्यांचा जुना मतदारसंघ उरणार नाही, आणि आज ज्या कार्यकर्त्या कुणाच्याच यादीत नाहीत, त्यांच्यापुढे मोकळी जागा असेल.