उसन्या आवाजात बोलणारे केंकू

अंगभर काळी पिसं, तोंडाला चोच, पण पंख नाहीत. आणि बोलायला स्वतःचा आवाजही नाही! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातल्या केंकू जमातीची ही अवस्था. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राच्या तोंडून बोलतो, एक जण उरलेलं सगळं जग चालवतो आणि धाडस तडीस गेलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगतो, असा हा खेळ.

केंकूंची कल्पना जपानी लोककथांतल्या तेंगूंवरून आली. २०१६ साली त्यांचे जे नियम छापून आले, त्यांत त्यांची एक करुण हकिगत होती. या जमातीने धन्याशी दगा केला, त्याने शाप दिला आणि पंख, वाचा, नवं काही सुचण्याची शक्ती, तिन्ही गेली. उरली फक्त नक्कल. कानावर पडलेला कुठलाही आवाज केंकू हुबेहूब काढतो, पण न ऐकलेलं काही त्याला उच्चारता येत नाही.

हे खेळताना काय होतं ते बघा. समोर बंद दार, पलीकडे पहारेकरी. सोबत्याने कडीला हात घातला आहे आणि केंकूला त्याला अडवायचं आहे. तो सकाळच्या खानावळवालीच्या आवाजात म्हणतो, "थांब!" मग साखळदंडांची खळखळ काढतो. मग कधीतरी ऐकलेल्या एखाद्या शिपायाची जांभई. सोबत्याला कळलं तर जीव वाचला! नावांचीही तीच गत. केंकूचं नाव म्हणजे एखादा आवाज: चिलखतावर गदा आदळल्याचा, वाऱ्यावर शीड फडफडल्याचा. आपल्या सह्याद्रीतला भृंगराज कोतवालही इतर पाखरांच्या हाका बेमालूम काढतो, पण त्याला स्वतःची शीळ आहे. केंकूकडे तीही नाही.

वाचा ही एकच गोष्ट काढून घेतली आणि मैत्री, नाव, भांडण, सगळ्याचीच घडी बदलली. मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते हेच. नवी जमात रचायची म्हटली की चार हात द्यावेत, शेपटी लावावी, आगीचा लोळ सोडता यावा असं आधी सुचतं. पण अशा सामर्थ्याला लगाम घालावा लागतो. पक्षीरूप आराकोक्रांना उडता येतं, मग दरी, भिंत, तळघराचा सापळा, सगळंच सोपं होऊन बसतं. म्हणून जड चिलखत घातलं की उडता येणार नाही, अशी अट घालावी लागली.

खरं तर हवी ती जमात घेऊन खेळण्याची वाट पहिल्यापासून मोकळी होती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला, तेव्हा माणसाखेरीज एल्फ, बुटके ड्वार्फ आणि हॉबिट एवढेच तयार वंश होते. तरी नियमांत मुभा होती, की कुणाला ड्रॅगन व्हायचं असेल तर व्हावं, फक्त सुरुवात कोवळ्या, दुबळ्या ड्रॅगनपासून करावी.

कीथ बेकर यांच्या 'एबेरॉन' या जगाला याच खेळासाठी नवं जग शोधणाऱ्या २००२ च्या स्पर्धेत अकरा हजारांहून अधिक प्रस्तावांतून निवडलं गेलं. २००४ च्या त्याच्या पुस्तकात वॉरफोर्ज्ड आले. लाकूड, दगड आणि धातूचे हे सैनिक शतकभर चाललेल्या युद्धासाठी घडवले गेले. त्यांना भूक, झोप, श्वास काहीच लागत नाही. तहाने त्यांना स्वातंत्र्य दिलं, पण नवे घडवायला बंदी घातली. कथेच्या वर्तमानात त्यांतले सगळ्यात जुनेही तिशीच्या आसपासचे. यांना बालपण नाही, आईबाप नाहीत, पुढची पिढी नाही आणि ज्यासाठी जन्मले ते युद्धही संपलेलं. असं पात्र हाती आलं की खेळणारा आपोआप विचारू लागतो: आता मी काय करू?

२०१७ च्या 'स्टारफाइंडर' या दुसऱ्या खेळातले शिरेन यांच्या उलट. सर्वभक्षी कीटकांच्या एका झुंडीतून हे फुटून निघाले. झुंडीत सगळ्यांचं मन एकच होतं, म्हणून आता निवड करण्यातच त्यांना विलक्षण सुख मिळतं. जेवणात काय घ्यावं, इतक्या साध्या निर्णयानेही शिरेन मोहरून जातो. मला ही या सगळ्यांतली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. ती रचणाऱ्याने आपल्या रोजच्या जगण्यातली, आपलं लक्षही जात नाही अशी गोष्ट उचलली आणि एका जमातीचा उत्सव करून टाकली.

२०२२ च्या नव्या नियमांत केंकूंचा शाप निघाला, आता ते इतरांसारखे बोलतात. ज्यांना ते बंधन जाचक वाटायचं, त्यांची सोय झाली. तुम्ही मात्र केंकू खेळायला घ्याल, तेव्हा निदान एक संध्याकाळ जुन्या नियमांनी खेळून बघा. आणि स्वतःची जमात रचायची असेल, तर ती काय करू शकते याची यादी करण्याआधी तिला काय करता येत नाही, ते एका ओळीत लिहा.