‘नॉर्मल’ म्हणजे काय?

औराद, भालकी, बसवकल्याण वा आळंदहून येणारा रुग्ण मराठी, कन्नड किंवा दखनी यांपैकी कोणतीही भाषा बोलो, रिपोर्ट हाती देताना त्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, नॉर्मल आहे ना?’ तिन्ही भाषांत शब्द तोच. अर्थ मात्र प्रसंगागणिक बदलतो.

मूळ लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. त्यात बरोबर बसेल ते नॉर्मल. व्यवहारात ‘नॉर्मल’ प्रसूती म्हणजे शस्त्रक्रियेविना झालेली, तर ‘नॉर्मल ताप’ म्हणजे किरकोळ ताप. (हा तर वदतोव्याघातच!) आपणा वैद्यकीय मंडळींचाही वापर फारसा काटेकोर नाही. ०.९ टक्के मिठाच्या ‘नॉर्मल सलाइन’ला रसायनशास्त्र नॉर्मल मानत नाही; त्यासाठी लिटरमागे ९ नव्हे, सुमारे ५८.५ ग्रॅम मीठ लागेल. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादाही बहुधा निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांनाच सामावते. म्हणजे २० निरोगी व्यक्तींतील एक तिच्याबाहेर राहणारच.

खरा घोटाळा होतो तो रक्तदाबाच्या बाबतीत. १२०/८० पाहून आपण ‘नॉर्मल’ म्हणतो, ते गोळी लागू पडली या अर्थाने. रुग्ण मात्र ‘आजार गेला’ असे ऐकतो आणि गोळ्या बंद करतो. पुढे एखाद्या दिवशी पक्षाघात झालेल्या अवस्थेत त्याला उचलून आणले जाते, आणि नातेवाईक म्हणतात, ‘तुम्हीच तर नॉर्मल आहे म्हणालात!’

यास्तव हल्ली मी ‘गोळीमुळे ताब्यात आहे, गोळी चालू ठेवा’ असेच सांगतो. तरीही दारापाशी वळून बहुतेक जण विचारतात, ‘म्हणजे नॉर्मलच ना?’