पऱ्हाटी, कपाशी की कापूस? सातबाऱ्यावरचा पेरा मोबाइलवर नोंदवताना नेमकं काय होतं?

अकोला-अमरावतीच्या कुठल्याही गावात एकाच झाडाची तीन नावं ऐकू येतात. वावरात उभी असते ती पऱ्हाटी, कृषी केंद्रात बियाणं मागतात ते कपाशीचं आणि बाजारात विकायला जातो तो कापूस. माणसांची यात कधी गल्लत होत नाही, संगणकाची मात्र होते. तिघांनी तीन नावं टाइप केली, तर त्याच्या लेखी ती तीन वेगळी पिकं होतात. मग तालुक्यात कापूस किती, या साध्या प्रश्नाचंही उत्तर चुकतं.

म्हणूनच ई-पीक पाहणी ॲपमध्ये पिकाचं नाव लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं. कधी शाळेबाहेर संगणक न हाताळलेल्या लाखो लोकांकडून सरकारी डेटाबेस भरून घ्यायचा, तर चुकायची जागाच कमी ठेवावी लागते.

एका नोंदीने काय अडतं?

२०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने हेक्टरी ५ हजार रुपये, जास्तीत जास्त २ हेक्टरपर्यंत, अर्थसाहाय्य जाहीर केलं. याद्या निघाल्या त्या ई-पीक पाहणीच्या नोंदींवरून. ज्यांनी सोयाबीन पेरलं, काढलं, विकलंही, पण ॲपमध्ये नोंदवलं नाही, त्यांची नावं यादीत आली नाहीत. शेतकऱ्यांची नाराजी वाढल्यावर सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांसाठी २०२४ मध्ये ही अट शिथिल करण्यात आली. पण वावरात पीक असणं आणि डेटाबेसमध्ये पीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वऱ्हाडाला त्या वर्षी १० हजार रुपयांच्या भाषेत कळलं.

आता तर हमीभावाच्या खरेदीतही हीच नोंद पुढे येते. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी घेतली, तेव्हाही सातबाऱ्यावरची कापसाची नोंद लागलीच.

आधी हे काम कोण करायचं?

पटवारी. म्हणजे तलाठी, आता अधिकृत नाव ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी विदर्भातली जुनी माणसं अजून पटवारीच म्हणतात. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये तीत काय पेरलं ते. बारा नंबर दर हंगामाला बदलतो आणि तो भरायला तलाठ्याने शेतोशेत फिरणं अपेक्षित होतं. एका माणसाकडे अनेक गावं असताना ते कितपत शक्य होतं, हे सांगायला नको. गेल्या वर्षीचंच पीक यंदाच्या रकान्यात उतरवल्याच्या तक्रारी जुन्या आहेत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याच्या हाती आलं. टाटा ट्रस्टच्या मदतीने तयार झालेल्या या ॲपचं घोषवाक्य होतं, ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा’.

फॉर्ममध्ये असतं काय?

खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख आणि फोटो. खातेदाराचं नाव किंवा गट क्रमांक हाताने भरावा लागत नाही, तो भूमी अभिलेखातून थेट येतो. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे घरातलं एक कॉलेजातलं पोरगं अर्ध्या भावकीचं काम उरकतं.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. पहिलं क्षेत्र. वऱ्हाडात बोलणं एकरात, फॉर्म हेक्टर-आरमध्ये. २ एकर म्हणजे साधारण ०.८१ हेक्टर. समजा, मूर्तिजापूरच्या एखाद्या शेतकऱ्याने ५ एकरांपैकी २ एकरांत सोयाबीन पेरलं आणि क्षेत्राच्या रकान्यात सरळ २ लिहिलं, तर त्याच्या नावावर जवळपास ५ एकर सोयाबीन चढलं. उरलेल्या ३ एकरांतल्या कपाशीला मग जागाच राहत नाही.

दुसरं म्हणजे आंतरपीक. सोयाबीनच्या किंवा कपाशीच्या ओळींत तूर, ही इथली नेहमीची पेरणी. तिथे निर्भेळ नव्हे, मिश्र पीक निवडायचं. ते न केल्यास तूर कागदावर उगवतच नाही.

चुकलं तर?

१ ऑगस्ट २०२२ ला आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत यावर उत्तर मिळालं: नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतः एकदा दुरुस्ती करता येऊ लागली. शेतकऱ्याचं स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरायचं आणि तलाठ्याने १० टक्के नोंदी तपासायच्या, असंही ठरलं. एकाच पानावर खाडाखोड कायम चालू राहिली, तर विमा, कर्ज आणि खरेदी यांनी नेमकी कुठली नोंद खरी मानायची, हा प्रश्न उरतो. त्यामुळे मुदत हवी, हे मान्य. पण एकच संधी जरा कंजूषपणाची आहे.

पेऱ्याची दुरुस्ती आणि सातबाऱ्यावरच्या नावाची किंवा क्षेत्राची दुरुस्ती यांत मात्र गल्लत करू नये. लेखनातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होते. ॲपमध्ये त्यासाठी बटण नाही.

अडतं कुठे?

२०२४ च्या रब्बीपासून राज्यभर केंद्राची डिजिटल क्रॉप सर्व्हे पद्धत आली. आता घरी ओट्यावर बसून नोंद होत नाही. मोबाइल घेऊन गटात जावं लागतं आणि फोटो तिथूनच काढावा लागतो. खोट्या नोंदी यामुळे कमी होतील. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या खातेदाराला किंवा एकट्या म्हाताऱ्या माणसाला धुऱ्यापर्यंत नेणार कोण? शेतकऱ्याची मुदत संपल्यावर उरलेले गट नोंदवण्यासाठी गावपातळीवर सहायक नेमले आहेत, ते यासाठीच. धारणी-चिखलदऱ्याकडे रेंजचा प्रश्न असतो. तिथे माहिती वावरात भरून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करण्याची सोय कामी येते.

फॉर्मने न सुटणारी अडचण मक्त्याच्या आणि बटईच्या शेतीची आहे. वावर एकाचं, बियाणं-खत-घाम दुसऱ्याचा. ॲपमध्ये निवडता येतो तो सातबाऱ्यावरचा खातेदार. त्यामुळे कसणाऱ्याने कितीही प्रामाणिकपणे नोंद केली, तरी ती मालकाच्या नावावर जाते आणि तिच्यावर मिळणारी मदतही. यादीत आणखी एक रकाना वाढवून हे मिटेल असं नाही. त्यासाठी मालकाने लेखी करार करायला तयार व्हावं लागतं आणि तिथेच बहुतेक बोलणी थांबतात.

तोवर करण्यासारखं एक काम आहे. नोंद अपलोड झाली की ॲपमधली गावाची यादी उघडून आपला गट, पीक आणि क्षेत्र त्याच दिवशी पाहून घ्यावं. खरेदी केंद्रावर पाहून उपयोग नाही, तेव्हा ४८ तास केव्हाच उलटलेले असतात.