ब्रेस्ट कॅन्सर हाडांपर्यंत पोचतो तेव्हा : एका जीनचा न थांबणारा लूप

फोनमध्ये कॅमेरा कायम असतो, पण चालतो तो ॲप उघडल्यावरच. जीनचंही तसंच आहे. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या साधारण २०,००० जीनचा तोच संच असतो. कुठल्या पेशीत कुठला जीन चालू होतो, यावर सगळं ठरतं. यालाच जीन एक्स्प्रेशन म्हणतात. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे मला हे फंक्शन कॉलसारखं वाटतं.

आता उदाहरण बघू. पीटीएचआरपी हे एक पेप्टाइड हार्मोन, म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी. १९८७ मध्ये ते कॅन्सरच्या पेशींमधून वेगळं काढलं गेलं. पण ते मुळात शत्रू नाही! बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात हाच जीन जोरात चालतो. तिच्या हाडांतलं कॅल्शियम सोडवून दुधासाठी मिळवायला हे हार्मोन मदत करतं. दूध तोडलं की ते कमी होतं आणि हाडं पुन्हा भरून येतात. म्हणजे फंक्शन थांबतं.

ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी हाडात शिरल्या की त्यांच्यात अनेकदा हाच जीन चालू असतो. हार्मोनमुळे हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात. झिजणाऱ्या हाडातून टीजीएफ-बीटा नावाचं प्रोटीन बाहेर पडतं. ते कॅन्सरच्या पेशींना आणखी पीटीएचआरपी बनवायला लावतं. झाला इन्फिनिट लूप! झोलेड्रोनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरून हाच लूप कमजोर करतात.

हे आपल्याला का माहीत हवं? रत्नागिरीतले बरेच पेशंट उपचारांसाठी मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात आणि मधले दिवस घरीच असतात. रक्तात कॅल्शियम फार वाढलं तर खूप तहान लागते, सारखी लघवी होते, मळमळतं, बद्धकोष्ठता होते, गुंगी येते, बोलण्यात गोंधळ होतो. कोकणातल्या मे महिन्यात “उकाडा आहे, त्यात केमो चालू आहे” म्हणून हे सहज सोडून दिलं जातं.

तसं करू नका. आई, मावशी, काकू, घरात कुणावर ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार चालू असतील आणि अशी लक्षणं दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि “कॅल्शियम तपासायचं का?” असं विचारा. साधी रक्ततपासणी आहे. गुंगी किंवा गोंधळ असेल तर थेट जवळचं हॉस्पिटल गाठा. वेळेत कळलं तर सलाइन आणि औषधांनी कॅल्शियम खाली आणता येतं. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने सुरू किंवा बंद करू नका.