थर्मल पेस्ट : वाटाण्याएवढी पुरे!

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. लोणावळ्यातल्या एका चिक्कीवाल्यांचा बिलिंगचा कॉम्प्युटर आला. 'जास्त लावली की जास्त थंड' असं समजून मी प्रोसेसरवर पेस्ट थापली. हीटसिंक दाबल्यावर ती कडेने सॉकेटमध्ये उतरली. साफसफाईत दिवस गेला, रविवारच्या गर्दीत मालकांनी हाताने बिलं केली. मजुरी मागायला तोंडच उरलं नाही!

पेस्ट स्वतः थंड करत नाही. दोन धातूंमधल्या बारीक खाचांतली हवा ती हटवते, कारण हवेतून उष्णता नीट जात नाही. पण धातूतून उष्णता पेस्टपेक्षा कितीतरी चांगली जाते, म्हणून थर पातळच हवा.

पद्धत सोपी आहे :

१. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.
२. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवा.
३. हीटसिंक सरळ ठेवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा.
४. हीटसिंक परत उचलला, तर पुसून नव्याने लावा.

मशीन देण्याआधी अर्धा तास चालवा आणि तापमान ग्राहकाला दाखवा. पेस्ट वाचते ती किरकोळ; तेच मशीन परत दुकानात येत नाही, ही खरी कमाई.